समासातल्या सतरा जणी

॥ श्री ॥
रुआबांधा, भिलाई
३ सप्टेंबर २०२४, तान्हा पोळा

तीर्थस्वरूप बाईच्या पायावर धाकट्या भावाचं, हिरालालचं डोकं.

पत्राले काही कारण लागते, असं आपल्याले शाळेत शिकवलं होतं. कारण आहे. पण ते खाली येईल, आधी बाकीचं सांगतो.

हर्षा बेटा, हे पत्र तूच वाचून दाखवशील. आजीच्या उजव्या कानाकडे बसजो. डाव्या कानानं तिले फक्त तिच्या फायद्याचंच ऐकू येते, हे लहानपणापासूनचं आहे.

इकडे सर्व खुशाल. गुडघे सोडले तं माहे बाकीचे पार्ट चालू आहेत. प्लांटमधून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी सकाळी पाचले डोळे उघडतात. मंग शिफ्ट नाही हे आठवते अन् आंघोळीचा कंटाळा येते. सूनबाई शिल्पा चांगली आहे, चहात साखर कमी टाकते, तेवढं एक सोडलं तं तक्रार नाही. धनंजय जनरल शिफ्टले जाते. त्याचा अंकुर तिसरीत गेला. आज लाकडाचा बैल घेऊन साऱ्या गल्लीत फिरला अन् परत आला तं म्हणते, 'दादाजी, बैल का पहिया निकल गया.' मराठी पोट्ट्याले भूक लागल्यावरच आठवते. मी मैद्याची खळ केली, त्यात चिमूटभर मोरचूद टाकला, अन् चाक बसवून देलं. मोरचूद टाकला की कसर लागत नाही, हे लाकडालेही चालते का माहीत नाही, पण हाताची सवय.

बाइंडिंगचं काम आता नावाले उरलं. मशीन अजून परसातल्या खोलीत आहे, पण कॉलेजचे पोट्टे सगळे स्पायरल करून घेतात. मी त्याईले म्हणतो, बावा, हे बाइंडिंग नाही, ही पुस्तकाले घातलेली वेसण आहे. ते हसतात अन् वेसण घालूनच घेऊन जातात. देवळातल्या जुन्या पोथ्या मात्र माह्याकडेच येतात. जुजबंदीचं, एकेक घडी दोऱ्यानं ओवाचं शिवण आता भिलाईत किती जणाले येते? बोटावर मोजण्याइतक्याले. त्यातले दोघं तं लकव्यानं पडले आहेत. म्हणजे मीच.

तुही भावजय शीला असती तं म्हणाली असती, झाली का स्वतःची आरती करून?

या वर्षी बी राखी आली नाही. मी पोस्टमनले विचारलं. तो म्हणे, 'काकाजी, आप हर साल यही पूछते हैं.' आठ वर्षं झाली, बाई. तुहा राग म्हणजे पाण्याची टाकी आहे का, आटतच नाही?

बरं. आता कारण.

मांगच्या रविवारी हर्षाचा फोन आला. म्हणाली, मामाआजोबा, आजीनं मांगच्या पित्तराले नावं म्हणता म्हणता मधातच सोडले. सतरा बायाईतले दहा म्हणले, अन् मंग चूप. तोंडाले पदर लावला अन् उठून गेली. साऱ्या घराले वाटलं, विसरली. या वर्षी अमावस्येच्या आधी डॉक्टरले दाखवावं का, असं विचारत होती. ते नावं या दुनियेत तुह्याशिवाय कोणालेच येत नाहीत, बाई. तू विसरली तं संपलं.

हर्षा, तुले मुळापासून माहीत नसंल म्हणून लिहितो. आमचा आजा लहानू, इंग्रजाच्या राज्यात चांद्याकडच्या एका कोळसाखाणीत होता. तवा खाणीत नवरा-बायकोची जोडी उतरे. नवरा कुदळीनं कोळसा पाडे, बायको टोपलीत भरून डोक्यावर ढकलगाडीच्या टबापर्यंत नेई. हजेरी लागे ती नवऱ्याच्या नावानं. बाईचं नाव कोणत्याच कागदावर नसे, 'जोडी' म्हणलं की झालं. आजाच्या पायावर छताचा दगड पडला अन् पाय कामातून गेला, तवा हजेरीबाबूनं त्याले वर हापिसात बसवलं. तिथं तो रूळ धरून रजिस्टरावर रेघा मारे, पानं शिवे, पुठ्ठे चढवे. लिहा-वाचाले बी तिथंच शिकला. माह्या हातात जी सुई आली ती तिथून आली.

मंग एका दिवशी जुन्या बोगद्यातलं पाणी फुटलं. तेवीस माणसं गेली अन् सतरा बाया. आजाची पहिली बायको कौतिका त्यात होती. आजाचा पाय गेल्यापासून ती दिराच्या जोडीनं उतरत होती. कंपनीनं यादी लावली, तं त्यात तेवीसच नावं. बाया हजेरीतच नव्हत्या, तं त्या मरतील कशा? आजानं हापिसातल्या उरल्या-सुरल्या कागदाची वही शिवली अन् त्यात सगळ्याईचे नावं लिहिले. दर सर्वपित्री अमावस्येले वही उघडाची, एकेक नाव वाचाचं, अन् एकेका नावाले ओंजळभर पाणी सोडाचं. आजाचे डोळे गेले तवा वाचाचं काम तुह्या आजीकडे आलं. ती तिसरीत होती. मी तवा जन्मलो बी नव्हतो.

तं बाई, सांगाचं म्हणजे, वही सापडली.

कुठं, कशी, ते भेटीत सांगीन. चांगली आहे, वाळवी-बिळवी काही लागली नाही. तू फक्त एक कर. सतरा नावं हर्षाले सांग, अन् तिच्याकडून लिहून पाठव. मले वहीशी ताडून पाहाचे आहेत. माणसाईचे तेवीस नको, ते साफ दिसतात. फक्त बायाईचे.

अमावस्या दोन ऑक्टोबरले आहे. त्याच्या आधी लिहजो. डॉक्टरलेही दाखव, त्यात लाज काय?

तुहा धाकटा, ज्याले तू पाठीवर घेऊन शाळेत नेलं तो,
हिरालाल


भिलाई
१७ सप्टेंबर २०२४, विश्वकर्मा पूजा

बाई, नमस्कार.

तुहं पोस्टकार्ड काल आलं. आठ वर्षांनंतरचं पहिलं पत्र, अन् त्यात एकच ओळ. 'वही तुह्याजवळ आहे तं नावं मले कावून पुसतो?' खाली सही नाही, आशीर्वाद नाही. अक्षर हर्षाचं, पण आवाज तुहा. मी पहिले हसलो. म्हणलं, हे बुढी काही विसरली नाही, हिले तं पोलिसात भरती कराले पाहिजे. मंग कार्ड पुन्हा वाचलं.

आज विश्वकर्मा पूजा. तुले माहीत आहे, या गावात आज दसऱ्याच्यावर थाट असते. जामुलच्या सिमेंटवाल्यापासून तं आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळे आपापल्या मशीनले हार घालतात. मी बी परसातली कटिंग मशीन धुतली, तेल देलं, झेंडू बांधले, नारळ ठेवला. कागद दाबाच्या शिकंज्याले कुंकू लावलं, चाकाले लावलं. पात्याजवळ बोट नेलं अन् हात थांबला. अंकुर बाजूलेच होता. म्हणते, 'दादाजी, ब्लेड को टीका नहीं लगाया.' मी म्हणलं, नाही लावत. म्हणते, 'क्यों?' बाई, त्या पोट्ट्याचं 'क्यों' घेऊन तुले लिहाले बसलो.

वही हरवलीच नव्हती. हे आधी लिहून टाकतो, नाही तं मी पुन्हा बैलाचं अन् साखरेचं लिहीन.

तू लाल फडक्यात गुंडाळून आणली होती. दोरा कुजला होता, पानं सुटले होते, कडा काळ्या पडून कसरीनं खाल्ल्या होत्या. तू म्हणली, 'हिऱ्या, फक्त शीव. जास्त हुशारी करू नको.' आठवते? माह्या कानात अजून आहे ते. तू गेली अन् मी कामाले लागलो. खरं सांगतो, माह्या जिंदगीत मी इतक्या मायेनं काही शिवलं नाही. पानापानाच्या घडीले पातळ कागदाची पट्टी लावली. मेण चोळलेला दोरा घेतला. आजानं ज्या भोकातून सुई काढली होती, त्याच भोकातून मी बी काढली, एक बी नवं भोक पाडलं नाही. पाठीले कापड लावलं, शिकंज्यात दाबून ठेवलं. शीलाले बलावून दाखवलं. ती म्हणे, लेकराच्या बारशाले बी तुमी इतकं सजले नव्हते.

तिथंच थांबाले पाहिजे होतं.

पण आमच्या लाइनीत पुस्तक शिवलं, दाबलं, की तिन्ही बाजूनं कापाचं. चौतीस वर्षं मी तेच केलं. नंदिनीच्या चुनखडी खदानीतले लॉगबुक असो का प्लांटमधले शिफ्टचे रजिस्टर, कडा सरळ झाल्याशिवाय माह्या टेबलावरून एक बी उतरलं नाही. साहेब लोक बोटानं कड तपासून पाहत. मी वही मशीनमध्ये ठेवली. कसर जिथं सगळ्यात आत गेली होती, तिथपर्यंत निशाण केलं. दोन बोटं. अन् चाक फिरवलं.

सतराही जणी त्या दोन बोटात होत्या, बाई.

मले वाटत होतं, माणसं संपल्यावर मंग बाया लिहिल्या असतील. आजानं तसं केलंच नव्हतं. त्यानं पानावर रेघा मारल्या त्या हापिसातल्या रजिस्टरासारख्याच, कारण त्याले तेच येत होतं. अन् त्या रजिस्टरात बाईसाठी खानाच नव्हता. म्हणून ज्या माणसाच्या जोडीनं जी उतरत होती, तिले त्याच्या बाजूले, समासात लिहिलं. शिसपेन्सिलीनं. काळ्या झालेल्या कडेवर शंभर वर्षांची पेन्सिल, ती माह्या डोळ्याले दिसलीच नाही. बाइंडर वाचत नाही, बाई. पानं मोजते, घडी पाहते, कागदाचा धागा कोणीकडे आहे ते पाहते. माह्या हातून हजारो रजिस्टरं गेली असतील, त्यातली एक ओळ मी वाचली नाही. आपल्या आजाची वही बी मी तशीच हाताळली. कागद म्हणून.

दुसऱ्या दिवशी कौतिका कुठं आहे, पाहावं म्हणून उघडली. आजाच्या भावाचं नाव होतं, अन् बाजूले शिसपेन्सिलीचा एक काना उरला होता, कापलेला. तवा समजलं. टोपलीकडे धावलो. टोपली रिकामी. शीलानं सकाळी त्याच कातरणानं सिगडी पेटवली होती, अन् त्याच सिगडीवरचा चहा मी पिऊन बसलो होतो. तिचा काही दोष नाही, दरसाल ती तेच करे.

तू वर्षभर फोन करत राहिली. मी म्हणलं दोरा नाही, मंग म्हणलं शिकंजा बिघडला, मंग म्हणलं डोळ्याचं ऑपरेशन आहे. शेवटी म्हणलं, क्वार्टर सोडून इकडे येताना हरवली. तू फोनवर फक्त 'बरं' म्हणली. ते 'बरं' मी आठ वर्षं ऐकून राहिलो. शीला म्हणे, 'सांगून टाका, बाई मारतील तं मारू द्या.' मी म्हणे, उद्या सांगतो. ती गेली तरी माहा उद्या आला नाही.

कावून नाही सांगतलं? भीतीनं नाही. तू मले मारलं असतं, ते मी हसत खाल्लं असतं. लाज होती. सारा प्लांट मले म्हणे, हिरालालच्या हातचं वाकडं जात नाही. अन् आजानं ज्या बायाईले कंपनीच्या तावडीतून काढून एका कागदाच्या कडेले बसवलं, त्याईले त्याच्याच नातवानं कचऱ्यात टाकलं. हे मी कोणत्या तोंडानं सांगू? मी लिहून राहिलो तं आता बी कागद ओला होऊन राहिला, हर्षा बेटा, तुले नीट लागलं नाही तं अंदाजानं वाचजो.

बाई, मले माफ करू नको, मी मागत बी नाही. पण तुह्या तोंडात ते नावं आहेत तोवर दे. दहा आठवत असतील तं दहा दे. पाया पडतो.

तुहा गुन्हेगार,
हिऱ्या


देव्हाडी, तुमसर रोड
२२ सप्टेंबर २०२४

चिरंजीव हिऱ्यास अनेक आशीर्वाद. शिव्या खाली आहेत.

मी सांगून राहिली अन् हर्षा लिहून राहिली. पोरगी शिव्या गाळते, म्हणून तिच्या मांगे बसून पाहून राहिली. भैताड लिही. लिहिलं का? भैताडा! कापली म्हणून नाही म्हणत. हाताची चूक हाताची. पण आठ वर्षं 'हरवली' म्हणला? मी तुह्या भिलाईच्या रद्दीवाल्याले आठ वर्षं शिव्या देल्या रे, रोज, दात घासताना. त्या बिचाऱ्याचं वाटोळं झालं असंल तं ते पाप तुह्या डोक्यावर. शीलाच्या तेरवीले आली तवा तुह्या पलंगाखालची पेटी माह्या पायाले लागली होती. त्यातच होती ना? शीलाच्या फोटोसमोर जेवला अन् मले एक शब्द बोलला नाही.

आता ऐक. डॉक्टरकडे मी जात नाही. मी विसरली नाही. मी थांबली.

हे मी कोणाले सांगतलं नाही. हर्षाचे हात बी थांबले लिहिता लिहिता. लिही, पोरी, लिही.

मी तिसरीत होती. आजा दिसत नसताना बी आंघोळ करून, धोतर नेसून बसे. मी बाजूले बसे, मांडीवर वही. जो वाचे त्याले पित्तराचा पहिला वडा मिळे, आजाच्या हातचा. काकाचा शेषराव चौथीत होता, मी कुठं अडखळते म्हणून टपून बसे. मी तेवीस माणसं वाचले, घडाघडा. मंग बाया. कौतिका, तुळसा, भिवरा, सकरी, बायजा, मंजुळा, गोदी, चिंधी, ढेला, रखमी. हे दहा खरे आहेत. हे लिहून घे अन् डोळे झाकून विश्वास ठेव.

पुढचे सात मले नावं वाटलेच नाहीत, हिऱ्या. वाचता येत होतं, पेन्सिल तवा चांगली दिसे. पण तसे नावं आपल्या गावात कोणाचेच नव्हते. मले वाटलं आजाचा हात चुकला, नाही तं माहं वाचणं चुकते. 'येत नाही' म्हणलं तं वही शेषरावच्या मांडीवर जाईल. म्हणून मी आपल्या आळीतल्या बायाईचे नावं लावून देले. चंद्रभागा, पार्बता, यमुना, असेच सात.

पहिल्यांदा चंद्रभागा म्हणलं तवा आजाचा हात पाण्यावर थांबला. म्हणे, 'कोण म्हणलं?' मी अजून जोरानं म्हणलं, 'चंद्रभागा!' त्यानं जराशी मान हालवली अन् पाणी सोडलं. वडा मलेच मिळाला. तो होता तोवर पाच वर्षं मी तेच सात म्हणले, अन् पाच वर्षं त्यानं त्या सात खोट्या नावाले पाणी सोडलं. पाणी सोडताना त्याचे ओठ हालत. मले वाटे, बुढा मंत्र म्हणते. मोठी झाली, लेकरं झाले, तवा एका दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या उमगलं की तो खरे नावं म्हणत होता. मनातल्या मनात, माह्या नावाच्या खाली. पोरीले सगळ्याईसमोर खोटं पाडलं नाही त्यानं.

तो गेल्यावर मी वही कधीच उघडली नाही. लाल फडक्यात बांधून समोर ठेवे अन् तोंडपाठ म्हणे. सारं गाव म्हणे, भागीरथाबाईची याददाश्त पाहा.

मंग धनंजयच्या लग्नाले तुह्याकडे आली. तुह्या जुन्या क्वार्टरच्या गल्लीतल्या नळावर कोणी तरी हाक मारली, 'ए फिरंतिन!' अन् शेजारची एक बाई वळली. माह्या हातातला तांब्या खाली पडला. ते नाव मी वाचलं होतं. तिसरीत. मी तिले विचारलं, बाई, हे तुहं खरंच नाव आहे का? ती हसली. म्हणे, 'हव, अउ मोर दाई के नाँव बिसाहिन रहिस.' तिच्या मायचं नाव बिसाहिन, ते बी होतं वहीत! बिलासपूरकडच्या बाया होत्या त्या सात जणी, हिऱ्या. आपल्या माणसाच्या मांगे तिकडून चांद्याले आल्या अन् तिथंच पाण्यात गेल्या. कंपनीनं त्याईचं नाव लिहिलं नाही, अन् आजानं लिहिलं तं मी वाचलं नाही.

घरी येऊन वही उघडली. कडा काळ्या ठिक्कर, अन् माह्या डोळ्यात मोतीबिंदू. काही लागलं नाही. म्हणून पुढच्या वर्षी तुह्याकडे आणली. शिवणं हे निमित्त होतं. म्हणलं, हिऱ्या चाळीस वर्षांपासून त्याच मुलखात राहते, त्याले हे नावं सहज लागतील. तो वाचंल अन् मले तोंडानं काही सांगा लागणार नाही. सांगाची हिंमत माही बी नव्हती, भाऊ. मी तोंड उघडून म्हणली असती की 'हिऱ्या, कड पाहून वाच', तं तू पातं लावलंच नसतं. मी म्हणली, फक्त शीव.

तू एका दिवशी कापले. मी सत्तर वर्षं, दरसाल. आता कोण कोणाले शिव्या देणार?

मांगच्या वर्षी दहा नावं झाले अन् चंद्रभागा तोंडातून निघेना. एक्क्याऐंशी वर्षांची झाली मी. आज ना उद्या त्या सात जणीसमोर जाऊन उभी राहणार. त्या पुसतील, बाई, आमचं पाणी कोणाले पाजलं? म्हणून उठली.

आता तू काय करशील ते सांगते. ती फिरंतिन जिवंत आहे का पाहा. असंल तं तिच्या घरी जा अन् हात जोडून तिले घेऊन ये. शिल्पाले सोबत पाठव, म्हणजे तिच्या लेकाले काही वाटणार नाही. दुर्गवरून सकाळच्या गाडीनं निघा, इथं उतरा, हर्षा स्टेशनावर येईल. फिरंतिन अन् बिसाहिन दोन झाले, पाच राहिले. तिच्या मावशा, आज्या, मामीसासवा, तिच्या गावातल्या साऱ्या बुढ्या, ज्याईचे ज्याईचे नावं तिले आठवतील ते तिनं म्हणावे. मी बसून ऐकीन. वाचलेलं आहे ते माह्या डोळ्यानं, पाच वर्षं वाचलेलं आहे, कुठं तरी असंल. लागलं तं लागलं. नाही लागलं तं ती जेवढे म्हणंल, पन्नास म्हणो का शंभर, तेवढ्या सगळ्याईले पाणी सोडू. आपल्या विहिरीत पाणी काही कमी नाही.

अन् वही आण. येताना दोन बोटं रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या कापून आण, प्रत्येक पानाले एक. पानाच्या कडेले जोडता येतात ना? मोठा प्लांटचा बाइंडर म्हणवतो स्वतःले. मंग जोड. त्याच्यावर मी लिहीन, हर्षा नाही. अक्षर वाकडं येईल, येऊ दे. तू कड सरळ कराले जाशील तं मात्र हात तोडून ठेवीन.

दहा दिवस राहिले. वाट पाहून राहिली.

तुह्याइतकीच खोटारडी,
तुही बाई
भागीरथा